पावसाळी मॅक्रो, नोंद ७: सागरी रस्ता आणि ओल्या कातडीचा प्रश्न

यंदा आंबोलीला जाणार नाही असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, तो शब्द पाळला. जुलैतल्या शनिवारी रात्री तिथे एका चापड्यामागे सात टॉर्च असतात. सापाला कंटाळा येत असेल की नाही ठाऊक नाही, मला येतो. म्हणून आम्ही दोघांनी सागरी रस्ता धरला. गुहागरहून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे, आरे-वारे, पावस करत कशेळीचा सडा, म्हणजे तिथलं उघडं कातळपठार. चार दिवस, पाऊस जवळजवळ सलग, आणि गाडीचा मागचा वायपर पहिल्याच दिवशी बसला.

काम एकच ठरवलं होतं. बेडूक-खेकड्यांच्या ओल्या अंगावर फ्लॅशचा जो पांढराफटक डाग पडतो, तो आटोक्यात आणायचा. लेन्स नेहमीचीच, ९० मिमी मॅक्रो, म्हणजे छोटे जीव अगदी जवळून टिपणारी. एफ ११, १/२००, आयएसओ २००.

आधी पोलरायझरचा, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरचा, प्रयोग केला. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला फिल्टर. डाग साफ गेला, पण बेडकाचा ओलेपणाही गेला. जत्रेतला रबरी बेडूक वाटायला लागला. शिवाय प्रकाश इतका खाल्ला जातो की फ्लॅश पूर्ण ताकदीवर न्यावा लागतो आणि पुढच्या फ्रेमपर्यंत बेडूक दुसऱ्या तालुक्यात. फिल्म काढून ठेवली.

दुसरा उपाय घरगुती. आइस्क्रीमच्या मोठ्या डब्याचं झाकण, आत बटर पेपरचे दोन थर, दोन्हींमध्ये बोटभर पोकळी. हे धूड विषयापासून वीतभर अंतरावर आणलं की डाग जात नाही, पसरतो. त्याची कड मऊ होते आणि ओलेपणा ओलेपणासारखा दिसतो. मोठा आणि जवळचा प्रकाश, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. हाताला कळायला सातवी नोंद उजाडली.

पहिली खरी परीक्षा जयगडजवळ, उतरलो होतो त्या घराच्या मागच्या सिमेंटच्या टाकीवर झाली. पाण्याच्या वर हातभर भिंतीला फेसाचा गोळा चिकटलेला, शेजारी तपकिरी झाडबेडूक. मादी स्राव सोडते आणि पायांनी घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्यात सुरक्षित राहतात आणि वेळ झाली की पिल्लं खालच्या पाण्यात गळतात. आम्ही पोचलो तेव्हा गोळ्याचा खालचा भाग सैल झाला होता. लेन्समधून एकेक शेपटी वळवळताना दिसत होती, मग टप्‌. दीड तास टाकीच्या कडेला कोपर टेकवून. १४० फ्रेम, ठेवल्या तीन.

घरातल्या काकी दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बेडकाचे फोटो कसले काढतोस, रात्री मुठे निघतील रस्त्यावर. चार धरून आण, कालवण करते."

मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, निघाले, पण दुसऱ्या रात्री, आरे-वारेच्या वाटेवर. गणपतीपुळे ते रत्नागिरी २५ किलोमीटरला अडीच तास लागले, कारण दर वळणाला थांबून टॉर्च मारावा लागत होता. चाकाखाली आलेलेही बरेच दिसले. एक मादी मोरीच्या कठड्याशी नांगी उगारून उभी होती. पोटाखालची झडप नेहमीपेक्षा फुगलेली वाटली म्हणून रस्त्यावरच आडवा झालो. झडपेच्या कडेतून डोळे बघत होते! तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं, पण पूर्ण खेकडे, पाय-नांग्यांसकट. समुद्री खेकड्यांच्या अळ्या पाण्यात सुट्या वाहतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं तसं नाही, अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईला चिकटून राहतो. एक पिल्लू झडपेवरून नांगीच्या सांध्यापर्यंत चढलं, थबकलं, परत आत गेलं. ती फ्रेम मिळाली. डबा-झाकणाचा प्रकाश तिच्या कवचावर नुसता ओघळलाय. गेल्या चार वर्षांतला माझा सगळ्यात बरा फोटो. कालवण अर्थातच झालं नाही, काकींना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या.

(एसी गाडीतून बाहेर काढलं की लेन्सवर धुकं धरतं, त्यावरचा उपाय एका वाचकाने विचारला होता, म्हणून: थांबायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद, काचा थोड्या खाली, कॅमेरा झिपच्या पिशवीत. बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मगच पिशवी उघडायची.)

किनाऱ्यावर ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंखणारे निळे समुद्री जीव, वाहून आल्या होत्या. दोन फोटो काढले, धड नाहीत. मेलेलीही डंखते, तेव्हा वाळूत कोपर टेकताना बघून.

शेवटचा दिवस कशेळीचा. तिथल्या सड्यावर कातळात खोदलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात ७० हून अधिक प्राण्यांची चित्रं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषांमध्ये पाणी साचलं होतं, त्यात पावसाचे थेंब पडत होते. शिल्पाच्या आसपास आम्ही दगडाला हात लावला नाही. बरंच लांब, सड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

मला हवी होती ती जमिनीवरची छोटी पाल, गडद अंगावर पांढरे आडवे पट्टे. १९६३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते याच जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली राहते. त्याच दगडांखाली फुरसं हा विषारी सापही राहतो, म्हणून बोटं घालायची नाहीत. आकडीने दगड आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे आत जे असेल ते पलीकडे पळतं. दुसऱ्याच दगडाखाली फुरसं निघालं. वेटोळी एकमेकांवर घासून करकरलं, आम्ही दगड हलकेच टेकवला.

पाल अकराव्या दगडाखाली. करंगळीएवढी. पळाली नाही. पावसाचा एक थेंब तिच्या डोळ्यावर पडला. पालीला पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते, हे माहीत होतं. झाकण जवळ सरकवलं, वाट पाहिली. जीभ बाहेर आली, डोळ्यावरून फिरली, मी शटर दाबलं आणि फ्लॅश पेटलाच नाही. चार दिवसांचं पाणी आत गेलं होतं.

दगड होता तसा, त्याच खळग्यात बसवला. गाडीत बसून फ्रेम उघडली. काळी. उजेड कितीही वाढवला तरी एक पांढरा पट्टा तेवढा दिसतो, आणि तोही पट्टाच आहे असं सोबत्याला पटत नाही. फ्लॅश दुरुस्तीला दिलाय.