घरून मतदान की केंद्रावर: १२-ड भरून घेताना आलेला अनुभव

मतदानाची तारीख सगळ्यांना पाठ असते. घरून मतदान करायचं असेल तर पाहायची ती निवडणुकीच्या अधिसूचनेची तारीख, कारण तिच्यानंतर पाच दिवसांत १२-ड अर्ज द्यावा लागतो. २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं, पण अधिसूचना २२ ऑक्टोबरची. म्हणजे दिवाळी सुरू होण्याआधीच मुदत संपली. दिव्यांग मतदारांचे अर्ज भरून घेताना हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागते.

तयारी मात्र त्याच्या बरीच आधी. मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद नसेल तर नमुना ८ भरून ती करून घ्यावी. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) १२-ड घेऊन घरी येतात ते या नोंदीच्या आधारेच. अर्जाला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच काढून ठेवा.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मतपत्रिका) लागतं. मग केंद्रावर मत देता येत नाही. ‘घरी मत घ्यायला पथक आलं नाही तर केंद्रावर जाऊ’ असं मनात धरून अर्ज करणाऱ्यांचं मत अशाने बुडतं. पथक आल्यावर घरी कुणी भेटलं नाही तर ते आणखी एकदाच येतं.

म्हणून अंध मतदाराला केंद्रापर्यंत जाता येत असेल, तर मी केंद्रच सुचवतो. घरी मिळते ती कागदी मतपत्रिका. तिच्यावर खूण करायला डोळस माणूस लागतो. केंद्रावर मतदान यंत्राच्या बॅलट युनिटवर बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. आत जाण्याआधी केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागा, उमेदवाराचा क्रमांक वाचा आणि लक्षात ठेवा. एका युनिटवर १६ बटणं असतात, त्यांत ‘नोटा’ही येतं, दोन युनिटं असतील तर पहिलं कोणतं ते विचारून घ्या. लांब बीप वाजला की मत नोंदलं गेलं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण ती अंध मतदाराला स्वतः वाचता येत नाही. ही उणीव आजही कायम आहे आणि ती दूर व्हायलाच हवी.

केंद्रावर सोबती हवाच असेल तर निवडणूक नियमांतला नियम ४९-न आहे. सोबती १८ वर्षांचा तरी हवा, गुप्ततेचं लेखी वचन त्याला द्यावं लागतं आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराला मदत करू शकतो. संस्थेचा एक कार्यकर्ता पाच जणांना आत नेतो म्हणाला, तर ते चालत नाही. प्रत्येकाचा सोबती वेगळा ठरवा.

घरी मतदान करणाऱ्यांनी पाकिटं नीट बघावीत. मतपत्रिका आतल्या पाकिटात, सही केलेलं प्रतिज्ञापत्र त्याच्या बाहेर, आणि दोन्ही मोठ्या पाकिटात. मोजणीच्या वेळी मोठ्या पाकिटात प्रतिज्ञापत्र सापडलं नाही तर आतलं पाकीट उघडतच नाहीत, मत बाद होतं. पथकातल्या अधिकाऱ्यांनी साक्षांकन केलं का, हे पाकीट बंद करण्याआधी विचारा.

व्हीलचेअरची मागणी निवडणूक आयोगाच्या ॲपवर करता येते. मतदानाला ओळख म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही चालतं.