सासूबाईंचे पणजोबा सापडले!

अख्खा रविवार लॅपटॉपसमोर गेला पण सासूबाईंचे पणजोबा सापडले एकदाचे!! लग्न होऊन इथे मिनेसोटात आल्यापासून ऐकतेय की ते स्वीडनमधल्या स्मोलंडचे, लहानपणी 1869 ला आले, बस एवढंच. अडत होतं नावापाशी, कारण तिकडे तेव्हा शेतकरी घरात कायमचं आडनाव नसायचं, बापाचं नाव पीटर तर मुलगा पीटर्सन, त्यामुळे एकाच नावाचे किती जण. शेवटी जन्मतारखेवरून चर्चच्या रजिस्टरमध्ये मिळाले (स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हे सगळं फुकट ऑनलाइन ठेवलंय, खरंच ग्रेट काम). तिथले पाद्री घरोघरची परीक्षा घ्यायचे, कोणाला वाचता येतं, धर्माचं किती पाठ आहे, कोण कुठून आलं कुठे गेलं सगळं लिहून ठेवायचे, मला तर आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्याच आठवल्या.

1867 ला थंडी इतकी लांबली की पेरण्या रखडल्या, 1868 ला दुष्काळ, आणि स्मोलंडची जमीन म्हणजे नुसते दगड. त्या पानावर आईबाप आणि चार पोरं, त्यातल्या दोघांच्या नावावर आडवी रेघ, म्हणजे वारले, एकाच हिवाळ्यात. बाकीच्यांपुढे फक्त 'उत्तर अमेरिका'. गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधलं हल बंदर, रेल्वेने लिव्हरपूल, मग न्यूयॉर्क, बहुतेक सगळे याच वाटेने जायचे.

सासूबाईंना फोनवर ती दोन नावं वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या परत एकदा वाच, हळू.