रोहित बघायला गेलो आणि मामा पाइप बघत बसला

माझ्या मामाने पस्तीस वर्षं एका महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात काढली. कुठल्या ते लिहीत नाही, पेन्शन तिथूनच येते. निवृत्त झाल्यापासून मामी त्याला "कुठंतरी निसर्गात जा" म्हणून मागे लागली होती, म्हणून मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ऐरोलीच्या होडीची दोन तिकिटं काढली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे, दुपारी कुठंतरी जेवायचं, संध्याकाळी ठाण्याला परत. साधा बेत होता.

ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडली. स्टेशन सुटलं की गाडी ठाणे खाडी ओलांडते, आणि डब्यातले सगळे सवयीने दोन मिनिटं श्वास आखडता घेतात. मामा मात्र दारात उभा राहून वाकून खाली बघत होता.

"ओहोटी लागलीये," तो म्हणाला. "नाल्यांची तोंडं उघडी पडली असतील. छान दिसेल सगळं."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ऐरोलीत दिवा गावाजवळ वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. (दिवे दोन आहेत हे ठाणेकरांना सांगायला नको. एका दिव्याहून रोहित बघायला होड्या सुटतात, दुसऱ्या दिव्याला ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं जात राहिला. रिक्षावाल्याला नीट सांगा.) केंद्रात माशांच्या टाक्या आहेत, माहितीचे फलक आहेत, कांदळवनातल्या तिवरांमधून (खारफुटीच्या झाडांमधून) जाणारी लाकडी वाट आहे. शाळेची सहल आली होती, त्यामुळे तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पाणी फार चढलं तर चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात, फार उतरलं तर होडीच रुतते. मधला जो काही वेळ मिळतो तो आपला.

होडीत आम्ही पंधरा-वीस जण. बहुतेकांच्या गळ्यात हातभर लांब लेन्स. तांडेल दिवा गावचाच, पन्नाशीचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. डावीकडे ऐरोली-घणसोलीचे मनोरे, उजवीकडे भांडुप-कांजूरची बाजू, मधे विजेच्या तारांचे खांब थेट पाण्यात उभे. दहाएक मिनिटांत पहिला थवा दिसला. लांबून चिखलावर कुणी गुलाल सांडल्यासारखी नुसती पट्टी, आणि जवळ गेल्यावर त्या पट्टीला पाय फुटले. हजारो लहान रोहित, मान खाली, चोच उलटी धरून चिखल गाळत एका लयीत सरकत होते. चोचीच्या कडेला बारीक जाळी असते. पाणी आत घ्यायचं, बाहेर ढकलायचं, शेवाळ तेवढं अडकवायचं. पिसांचा गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो. मधूनच एखादा मोठा रोहित, पांढरट आणि उंच, लहान पोरांच्या रांगेत चुकून उभ्या राहिलेल्या मास्तरासारखा. सगळ्या होडीतून कॅमेऱ्यांची कटकट सुरू झाली.

मामा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता.

"ते बघ," त्याने माझा दंड धरला. तिवरांच्या रांगेत एक फट होती. तिच्यातून एक नाला खाडीत उतरत होता आणि त्याच्या तोंडाशी पाण्याचा रंग सरळ रेष मारावी तसा बदलत होता. "करडं आहे म्हणजे ताजं. घरातून निघून फार वेळ झालेला नाही. काळं असतं तर सडलेलं म्हणायचं, प्राणवायू संपलेलं."

आसपासच्या तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आली होती. जवळजवळ प्रत्येक बोटाला काहीतरी अडकलेलं: दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, देवाच्या हाराचा दोरा, एक निळी स्लीपर. त्या स्लीपरवर एक निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा) ऐटीत बसली होती. फोटो काढायला मी मोबाइल काढेपर्यंत तिने उडी मारली.

"रोहित इथंच का येतात, माहितेय?" मामा आता रंगात आला होता. "आपण सोडतो ते पाणी म्हणजे नत्र आणि स्फुरद. शेतात युरिया टाकल्यासारखं. चिखलावर शेवाळ माजतं. त्यांना जेवण वाढणारे आपणच."

हे त्याचं एकट्याचं तर्कट नाही, पक्षी-अभ्यासकही हे मांडत आलेत. 1990 च्या दशकात शिवडीला रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले, मग खाडीभर पसरले, आणि आता हंगामात त्यांची मोजणी लाखाच्या घरात जाते. पलीकडच्या काठावरची पक्षीनिरीक्षकांची सगळ्यात लाडकी जागा कोणती? भांडुप पंपिंग स्टेशन. मैला उपसणाऱ्या केंद्राच्या नावाने ओळखलं जाणारं पक्षीतीर्थ दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही. म्हणजे घाण सोडत राहा असा याचा अर्थ नव्हे. जेवण वाढता वाढता विषही वाढलं जातं, आणि प्राणवायू संपला की मासे आधी जातात.

तांडेल इतका वेळ गप्प होता. "ताई, पयलं इथं जिताडं मिलायचं," तो म्हणाला. "आता जाल्यात पिशव्या येतात." पुढे त्याने विषय वाढवला नाही. लेन्सवाल्या एका काकांनी त्याला होडी थोडी डावीकडे घ्यायला सांगितलं होतं.

कागदावर या पाण्याला भक्कम संरक्षण आहे. ऑगस्ट 2015 मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 1690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. 2021 मध्ये भोवतालचा पट्टा पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरला आणि 2022 मध्ये सगळं मिळून साडेसहा हजार हेक्टर रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातली ही तिसरी जागा. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनुसार अशा ठिकाणी कचरा टाकायला आणि शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला सरळ बंदी आहे. करडा नाला हे नियम न वाचता आमच्यासमोरून वाहत होता.

मग वारा फिरला आणि होडीतल्या सगळ्यांनी एकदमच रुमाल काढले. वास कुठून आला ते वाऱ्यालाच माहीत. पण या खाडीच्या पश्चिम काठाची यादी सांगते: देवनारचं डम्पिंग 1927 पासूनचं, मुलुंडचं 2018 मध्ये बंद झालेलं, आणि कांजूरमार्गचं, जिथे आज मुंबईचा बहुतेक कचरा जातो. तिन्ही खाडीला लागून. आमच्या ठाण्याचा कचरा दिव्याला, दिव्याहून भंडार्लीला, भंडार्लीच्या गावकऱ्यांनी हाकलल्यावर डायघरला. नवी मुंबईचं जुनं डम्पिंग कोपरखैरण्याला होतं, तेही याच खाडीच्या बाजूला. नकाशा उघडून बसा, शंभर वर्षांत या तीन शहरांना नको असलेल्या वस्तू कुठे ठेवायच्या हे कुणी ठरवलं असेल ते लगेच दिसेल.

मामाला मी हेच विचारलं. कसं ठरतं?

"मीटिंगमध्ये नकाशा लावतात. वस्ती एका रंगात, कारखाने दुसऱ्या, रस्ते आखलेले. आणि खाडीकाठचा भाग कोरा. साहेब विचारतात, इथे काय आहे? कुणीतरी म्हणतं, काही नाही साहेब, खाजण आहे." मामा थांबला. "मी पण म्हटलंय एकदा."

कांजूरमार्गची गोष्ट तर या कोऱ्या रंगाची नामी गोष्ट आहे. तिथली 119.91 हेक्टर जमीन जुलै 2008 मध्ये संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली. डिसेंबर 2009 मध्ये, नजरचुकीने घातली गेली असं म्हणत, ती वगळली. मधे दीड वर्षसुद्धा गेलं नव्हतं. तिथे क्षेपणभूमी उभी राहिली. वनशक्ती या संस्थेने 2013 मध्ये याचिका केली. मे 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वगळणंच रद्द केलं, कारण वनजमिनीसाठीची कायद्यातली प्रक्रिया पाळलेली नव्हती. राज्याला तीन महिन्यांची मुदत दिली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. रोजचा पाच-सहा हजार टन कचरा तीन महिन्यांत कुठे न्यायचा, हा प्रश्न खोटा नाही. पण जमीन वन असताना, वन नसताना, पुन्हा वन ठरल्यावर आणि त्यालाही स्थगिती मिळाल्यावर ट्रक येतच राहिले. तिथल्या तिवराला यातलं काय कळलं असेल?

परतताना मामाने मला एक फरक सांगितला, तो तेव्हापासून डोक्यात बसलाय. "सांडपाणी उताराने जातं. त्याला खालीच यावं लागतं, आणि गावातली सगळ्यात खालची जागा म्हणजे खाडी. म्हणून प्रक्रिया केंद्र काठावरच येणार, तिथे भांडून उपयोग नाही. नीट चालवतायत का, त्यावर भांड. कचरा ट्रकने जातो. ट्रकला उतार लागत नाही. तो खाडीकाठी येतो कारण तिथे जागा फुकट असते."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे त्याने कुणा साहेबाला सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

दुपारी घणसोलीत थाळी खाल्ली (ठीकठाक, बोंबील चांगले). तिथून रिक्षाने कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात गेलो. आधी सांगितलेलं जुनं डम्पिंग ते हेच. बंद करून, वर माती टाकून, झाडं लावून त्याची बाग केलीये. चालायला चांगली वाट आहे, पोरं झोके घेतात. पायाखाली काय आहे हे ठाऊक नसतं तर मला टेकडीच वाटली असती. शहरातच महापालिकेचं मैलापाणी प्रक्रिया केंद्रही आहे. त्यातल्या काही पाण्यावर पुन्हा प्रक्रिया करून ते एमआयडीसीच्या कारखान्यांना द्यायची योजना आहे. मामाने बाकावर बसून मला ते केंद्र ताकावर समजावलं. टाकीत मैलापाणी भरायचं, खालून हवा सोडून घुसळायचं, म्हणजे जिवाणू घाण खातात. मग घुसळणं बंद. ताक ठेवून दिलं की जसा चोथा खाली बसतो आणि वर निवळ येते, तसं. निवळ वरच्यावर हलकेच काढून घ्यायची. सगळं एकाच टाकीत, आळीपाळीने.

"आणि खालचा चोथा?"

"तो गाळ. खरी डोकेदुखी तीच. पाणी स्वच्छ झालं की फोटो काढतात, गाळाचा फोटो कुणी काढत नाही."

संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोरला उतरलो. लोक ज्याला तलाव समजून फेऱ्या मारतात तो धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने बांध घातले, तलाव खोदले आणि खाडीच्या तोंडाला झडपा लावल्या. भरतीला झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडप उघडते आणि पाणी निघून जातं. योजना उत्तम. फक्त वर्षानुवर्षं गाळ साठला, गाळात तिवरं उगवली, आणि तिवरांना हात लावायचा तर परवानगी हवी. उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये सांगूनच ठेवलंय की सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाच्या मंजुरीशिवाय कांदळवन तोडायचं नाही. तो निकाल नसता तर या काठावर आज एक झाड उरलं नसतं. आणि गाळ निघाला नाही तर मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी आली की पाणी सोसायट्यांत शिरणार. मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्याने माझी काहीच सोय होत नाही. मामा म्हणाला, झाडं मोजा, लागतील तेवढीच काढा, पण दरवर्षी थोडा थोडा गाळ काढा. वीस वर्षं काढायचा नाही आणि मग एकदम जंगल झालं म्हणून ओरडायचं, हे खात्यातल्या माणसाला शोभत नाही. "आमच्या खात्यातल्या," त्याने दुरुस्ती केली.

उन्हं उतरली तेव्हा झडपेजवळच्या उथळ पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे उतरले. मामाने ते मोजले, एकतीस. "हा पक्षी मला माहितीये," तो म्हणाला. "आमच्या लगूनवर, मैलापाण्याच्या तळ्यावर, असायचा. हा दिसला की समजायचं पाण्यात खायला भरपूर आहे." दिवसभरात त्याने स्वतःहून पाहिलेला हा पहिला पक्षी.

रात्री घरच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकले. अकरा फोटो. पाच नाल्याच्या तोंडांचे, दोन झडपेचे, एक निळ्या स्लीपरचा, एक थाळीचा, एक माझा अर्धा, आणि एका फोटोत करड्या पाण्याच्या कोपऱ्यात पुसटसा गुलाबी ठिपका.

मामीने विचारलं, "यात रोहित कुठाय?"

मामाचं उत्तर लगेच आलं. "पाइपाच्या डावीकडे."