भुताचे डोळे मुलांवर सोडा

ऑक्टोबर लागला की इथल्या, न्यू जर्सीतल्या मैत्रिणींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. "हॅलोवीनला मुलाच्या मित्रमैत्रिणींना घरी बोलावलंय. भुताखेताचं काहीतरी बेक करायचंय, पण सोपं सांग. मला आयसिंग-बियसिंग जमत नाही." या वर्षी तर पुण्याहूनही दोघी-तिघींनी विचारलंय, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आयसिंगची गरजच नाही. कुठल्याही पदार्थाला दोन डोळे लावले की त्याचं भूत होतं, मग बाकीचा आकार ओबडधोबड असला तरी चालतो, उलट जास्त शोभतो. त्यामुळे सगळा जीव चवीवर लावा, जमेल तेवढं आधीच भाजून ठेवा आणि डोळे लावायचं काम पार्टीत मुलांवर सोडा. मुलं त्यात अर्धा तास रमतात आणि स्वतः केलेलं भूत ताटात टाकत नाहीत. काळ्या-जांभळ्या क्रीमचे विकतचे कपकेक दिसायला झकास असतात, पण मूल वरचं क्रीम चाटतं आणि खालचा केक सोडून पळतं. पोरांनी खाल्लं नाही तर आपण एवढं राबायचं कशासाठी?

सगळ्यात सोपी म्हणजे हडळीची बोटं. ज्यांना नानकटाई येते त्यांना ही आलीच. मी बटरची करते. इथल्या बटरची एक कांडी 113 ग्रॅमची असते. तिला 55 ग्रॅम पिठीसाखर, 170 ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ. वजनात साखर एक, बटर दोन, मैदा तीन हे प्रमाण लक्षात ठेवलं की कितीही करता येतं. यात बेकिंग पावडर किंवा सोडा घालायचा नाही, कारण बोट फुगलं की त्याचं बोटपण जातं. मऊ बटर आणि साखर फेसून घ्या, मैदा घालून गोळा जमेल इतपतच मळा. मग कडबोळ्याला वळतो तशा वळ्या करायच्या, पण आपल्या करंगळीहून बारीक, कारण ओव्हनमध्ये त्या पसरतात. मधल्या पेरापाशी दोन्ही बाजूंनी किंचित दाबलं की सांधा वर येतो. सुरीच्या पाठीने तिथे तीन बारीक रेघा मारा. या रेघांनीच बिस्किटाचं बोट होतं, त्या विसरू नका. टोकाला नख म्हणून बदाम रोवा, ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग 165 अंश सेल्सियसवर, म्हणजे इथल्या ओव्हनच्या 325 फॅरनहाइटवर, अठरा-वीस मिनिटं भाजा. कडा जेमतेम सोनेरी व्हायला हव्यात. बोटं फिकीच भयंकर दिसतात, खरपूस झाली की नुसती बिस्किटं. एवढ्या पिठात वीस-बावीस बोटं होतात. निवल्यावर नख अलगद उचलायचं, खाली स्ट्रॉबेरी जॅमचा ठिपका द्यायचा आणि नख परत दाबायचं. कडेने लाल जॅम बाहेर येतो तेव्हा मुलं जी किंचाळतात!

पण बदाम घालण्याआधी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबाबांना विचारा. इथे दर वर्गात एखाद्या मुलाला तरी काजू-बदाम किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते असं धरूनच चालावं. अमेरिकेत लेबलवर नोंद सक्तीची असलेल्या मुख्य अ‍ॅलर्जींच्या यादीत 1 जानेवारी 2023 पासून तीळही नववा म्हणून आला आहे, आणि आपल्या घरात तीळ कुठे नसतो? फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन ही संस्था 2014 पासून देशभर निळसर हिरव्या भोपळ्याची मोहीम चालवते. ज्या दारात असा भोपळा ठेवलेला असेल तिथे खाऊखेरीज पेन्सिल, स्टिकर असंही काही मिळतं, हे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना दुरूनच कळतं. मला ही कल्पना फार आवडते. बदामाऐवजी भोपळ्याच्या सोललेल्या हिरव्या बिया वापरा. हडळीला हिरवी नखं बदामापेक्षा जास्त शोभतात, हे माझं ठाम मत आहे. कोरलेल्या भोपळ्यातून निघणाऱ्या पांढऱ्या बियांचं साल मात्र चिवट असतं, त्या नखांना घेऊ नका. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा बदाम देऊच नये, घशात अडकतो. त्यांच्या बोटांना नुसतं जॅमचंच नख करा.

दुसरं भूत मेरिंगचं, म्हणजे अंड्याचं पांढरं आणि साखर फेसून सुकवलेल्या कुरकुरीत गोळ्याचं. दोन अंड्यांचं पांढरं, 120 ग्रॅम मिक्सरमधून फिरवलेली साखर, लिंबाचे चार थेंब. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, आधी लिंबाच्या फोडीने पुसून घेतलेलं. पिवळ्या बलकाचा थेंब किंवा तुपाचा ओशटपणा राहिला तर फेस धरत नाही, कारण स्निग्ध पदार्थ फेसाचे बुडबुडे टिकू देत नाहीत. पांढरं मऊ फेसाळल्यावर साखर चमचा चमचा घालायची. चिमटीत धरून चोळल्यावर रवाळ लागेनासं झालं की झालं. जाड प्लॅस्टिक पिशवीत भरा, कोपरा कापा, बेकिंगच्या कागदावर दाबून सोडा आणि पिशवी सरळ वर उचला. टोक आपोआप उभं राहतं.

त्या टोकाकडे बघून आमच्याकडे या भुतांना मुंजा म्हणायला लागले, कारण ती शेंडीच दिसते. इथल्या मुलांना कार्टूनमधल्या कॅस्पर-बिस्पर भुतांपेक्षा पिंपळावरचा मुंजा सांगून बघा. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आधीच मुलगा गेला, तो पिंपळावर राहतो, एवढं सांगितलं तरी दहा वर्षांची पोरं टेबलाभोवती गप्प होतात. लहानग्यांना तो फक्त शेंडीवाला मुलगा म्हणून सांगावा.

मुंजा भाजायचा नसतो, सुकवायचा असतो. 95 अंश सेल्सियस, म्हणजे 200 फॅरनहाइट, दीड ते दोन तास. नंतर ओव्हन बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्या. मेरिंग हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मुंबई-कोकणात दमट दिवशी ते चिकट होतं. तिथे ज्या दिवशी खायचं त्याच दिवशी करावं आणि गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात घालावं. न्यू जर्सीत ऑक्टोबरअखेर हवा बऱ्यापैकी कोरडी असते, आठवडाभर काही होत नाही.

अंडं न खाणाऱ्यांनी छोल्यांचं पाणी घ्यावं. ते फेसाळतं हे 2014 साली जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने दाखवून दिलं आणि तेव्हापासून बिनअंड्याचं मेरिंग घरोघरी होऊ लागलं. एका अंड्याच्या पांढऱ्याला दोन मोठे चमचे पाणी, डब्यातल्या बिनमिठाच्या छोल्यांचं. घरी शिजवलेल्या छोल्यांचं पाणी पातळ असतं, ते आटवून बुळबुळीत करून गार करा. फेसायला अंड्यापेक्षा जास्त वेळ लागतो, दहा मिनिटं मशीन फिरवायची तयारी ठेवा. छोल्यांचा वास ओव्हनमध्ये सुकताना नाहीसा होतो.

गोडाच्या जोडीला तिखट काही हवंच. इथे लोक सॉसेजला पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या गुंडाळून ममी करतात. आपण आत बटाटेवड्याची भाजी घालावी, कोरडी आणि पूर्ण गार. तिच्या बोटभर लांबीच्या वळ्या करा. फ्रोझन पेस्ट्री आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, थंड असतानाच करंजीच्या कातण्याने अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापा. कातण्याच्या नागमोडी कडा फाटक्या बँडेजसारख्या दिसतात, सुरीने ती मजा येत नाही. पट्टी तिरकी गुंडाळत जा, डोळ्यांपुरती फट सोडा. 200 अंश सेल्सियसवर, म्हणजे 400 फॅरनहाइटवर, पंधरा-अठरा मिनिटं. चीजच्या स्लाइसमधून स्ट्रॉने गोल टिकल्या कापायच्या आणि त्यावर कलौंजीचा एकेक दाणा. हे डोळे भाजल्यानंतर लावायचे, नाहीतर वितळून गालावर येतात. मुंज्याचे डोळे मात्र वितळलेल्या चॉकलेटचे, टूथपिकच्या टोकाने. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की ते घट्ट गोळा होतं, तेवढं मुलांच्या ओल्या हातांपासून जपा.

तयार साखरेचे डोळे आणि मार्शमॅलो विकत आणणार असाल तर पाकीट वाचा. मार्शमॅलोमध्ये सहसा जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, लाल रंगात कारमाइन असू शकतं आणि ते किड्यांपासून बनतं. शाकाहारी घरातल्या मुलाला आपल्याकडे नकळत असं काही खाऊ घालणं मला पटत नाही. काळ्या रंगासाठी कोळशाची पूडही नको, ती पोटात औषधं शोषून घेते. ब्लॅक कोको म्हणजे काळीभोर कोको पावडर मिळते, त्याने ब्राउनी खरोखर काळीभोर होते आणि चवही लागते.

काही आजी-आजोबांना हे सगळं अभद्र वाटतं. दिवाळीच्या तोंडावर घरात भुतं कशाला, असं विचारतात. 2024 साली तर इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन दोन्ही 31 ऑक्टोबरला आले होते. त्यांना मी सांगते की मेलेल्यांच्या नावाने भाजणं-तळणं जगभर आहे. इंग्लंडात पूर्वी 2 नोव्हेंबरच्या सुमारास मुलं आणि गरीब माणसं दारोदार फिरून मृतांसाठी प्रार्थना म्हणायची आणि त्यांना सोल केक नावाच्या छोट्या गोड पोळ्या मिळायच्या. मेक्सिकोत मृतांच्या दिवसासाठी पान दे मुएर्तो हा गोड पाव करतात आणि त्यावर पिठाचीच हाडं बसवतात. कोकणात म्हाळाला वडे तळून आधी कावळ्याला घास ठेवतात, तो ठेवणाऱ्या माणसांना हे परकं वाटायचं कारण नाही. हे सांगितल्यावर बहुतेक आजी स्वतःच बोटं वळायला बसतात, आणि कडबोळी वळलेल्या हातांची बोटं आपल्यापेक्षा सुबक होतात.

कामाची वाटणी अशी करा. बोटं तीन-चार दिवस आधी भाजून डब्यात, ती आठवडाभर टिकतात. मुंजे आदल्या दिवशी, दमट हवेत मात्र त्याच दिवशी. ममी गुंडाळून ट्रे झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि पहिलं मूल दारात आलं की ओव्हनमध्ये सरकवा, त्या गरमच हव्यात. दहा मुलांना एवढं पुरतं. डोळे मात्र लागतात त्याच्या दुप्पट कापून ठेवा, कारण निम्मे लावायच्या आधीच पोटात जातात. आणि तीन डोळ्यांचं भूत केलेलं कुणी दाखवायला आलं तर तिसरा काढायला सांगू नका.