बरं, मग?

दुपारी सलूनमध्ये गालाला फेस लावून बसलो होतो. वस्तरेवाल्यानं आरशातून ओळखलं. "तुम्ही नाटकातले ना? ते सासऱ्याच्या धोतराचं वाक्य म्हणा की!" रविवारच्या चारच्या प्रयोगाला त्या वाक्यावर हमखास टाळी. म्हटलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाटकात जास्त मजा आली होती."

येणारच. नाटकात त्याआधी कुणीतरी "बरं, मग?" विचारतं.

लग्नाच्या पंगतीतही हेच. "एखादा विनोद होऊन जाऊ दे!" श्रीखंड करणाऱ्याला कुणी चक्का टांगून दाखवायला सांगत नाही.

लहानपणी चैत्रात आमच्या गावची पंचमंडळी नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्यांत जाऊन सुपारी देऊन यायची. जत्रेत गण, गवळण झाली की बतावणी, म्हणजे दोघांची विनोदी बोलाचाली. सोंगाड्यासमोर एक फेटेवाला उभा असायचा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चेहरा कोरा. "म्या म्हमईला गेलो." "बरं, मग?" "गाडीत बसलो." "मग?" "खिडकीपाशी." "हां... मग?" पहिला मग शिष्टाचाराचा, दुसरा कंटाळ्याचा, तिसरा पोलिसातला. लोक लोळायचे सोंगाड्याच्या नावानं. घरी आम्ही बतावणी खेळायचो, तेव्हा फेटेवाला व्हायला कुणी तयार नसे. धाकट्या चुलतभावाला लिमलेटची गोळी द्यावी लागे.

'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार करायचे. वसंत सबनिसांची संहिता १९६५ची, पण दादांच्या ऐनवेळी सुचलेल्या अ‍ॅडिशनी त्या दिवशीच्या राजकारणावर. कौतुक दादांचं झालं, व्हायलाच हवं. पण आज काय अंगावर येणार हे माहीत नसताना समोर न हसता उभं राहायचं, हेही कामच की. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. त्यांनाही विचारणारा टाळता आला नाही. तोही स्वतःच व्हावं लागलं.

आमच्या नाटकात ते काम पोस्टातले एक गृहस्थ करायचे. हशा चढत असताना ते माझ्याकडे बघतच नसत, खुर्चीच्या हाताचा पॉलिश गेलेला टवका नखानं खरवडत बसत. हशा उतरणीला लागला, पण पुरता विरला नाही, एवढ्यात मान वर. "बरं, मग?" जरा आधी विचारलं तर प्रश्न हशात बुडतो, जरा उशिरा विचारलं तर थिएटर गार पडतं. टाळी घेऊन मी विंगेत तरंगत यायचो आणि हे विचारायचे, "वडे संपले का रे?" परीक्षणात त्यांचं नाव कधी आलं नाही. 'इतर कलाकारांनी योग्य साथ दिली' यात ते असायचे.

गुडघ्यांनी त्यांना दौरे सोडायला लावले. आता त्यांच्या जागी एक तरतरीत मुलगा आहे. त्याला हशा स्वतःला हवा असतो. माझ्या वाक्यावर तोंडं करतो. दिग्दर्शकाला सांगितलं, तर म्हणाला, "तरुण रक्त आहे, सांभाळून घ्या."

परवा त्यानं मध्येच स्वतःची अ‍ॅडिशन घातली. "काका, मीपण एकदा धोतर नेसलो होतो." हशा आला, चांगला आला. पुढचं त्याला काही सुचेना. दोघंही उभे. शेवटी मीच खुर्चीच्या हाताकडे बघत विचारलं, "बरं, मग?"

थिएटर कोसळलं. नाइटचे पैसे दोघांचे आहेत तेच.