बेंझची तीनचाकी : इंजिन चाललं, चार मिनिटं दहा सेकंद

मंडळी, रविवारी सकाळी पावणेअकराला इंजिनाने पहिल्यांदा दम धरला. आधी तीन-चार वेळा नुसतं फुसफुसून थांबलं होतं. मग फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, पुन्हा हात घातला, जोर लावून फिरवलं, आणि या वेळी ते हातातून सुटून स्वतःच्या जोरावर फिरायला लागलं. साधारण २५० फेऱ्यांवर मिनिटाला १२५ स्फोट, म्हणजे सेकंदाला दोन. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. सातपूरच्या आमच्या शेडचे पत्रे त्या ठोक्याबरोबर हलत होते. मुलगा मोबाइलवर वेळ लावून उभा होता, त्यामुळे चार मिनिटं दहा सेकंद हा आकडा पक्का आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : आपण जर्मन अभियंता कार्ल बेंझच्या पेटंट मोटारवागेन या तीनचाकी मोटारगाडीची प्रतिकृती बनवतोय. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने जिच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंटचा क्रमांक ३७४३५, तीच गाडी. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) १५० मिमी, ९५४ सीसी आणि ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, उभा आणि फ्लायव्हील आडवं, जात्यासारखं. उभं फिरणारं जड चाक वळणावर गाडीला वळू देणार नाही, अशी बेंझला धास्ती होती, म्हणून त्याने ते आडवं ठेवलं.

सिलिंडरबद्दल मागे लिहिलं होतं, थोडक्यात पुढचं सांगतो. पहिलं कास्टिंग वाया गेलं. बोअरिंगचा शेवटचा अर्धा मिमी उरला असताना भिंतीत मुगाएवढं ब्लोहोल, म्हणजे वाफेने पडलेलं भोक, उघडं पडलं. ओतलं होतं ऐन श्रावणात. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा (जॅकेटचा) वाळूचा साचा, म्हणजे कोअर, नीट वाळला नव्हता, त्यातल्या ओलीची वाफ धातूत अडकली. चूक माझीही आहे, मीच घाई केली. दिवाळीनंतर कोअर दोन दिवस भट्टीजवळ ठेवून पुन्हा ओतलं, ते कास्टिंग स्वच्छ निघालं.

आता खरी गोष्ट कार्ब्युरेटरची, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाची. या गाडीला इंधन फवारणारं जेट नाही, पातळी राखणारा फ्लोट नाही. एक भांडं, त्यात इंधन, आणि त्यातून हवा बुडबुड्यांनी वर येते. येताना वाफ सोबत घेते आणि तेच मिश्रण इंजिनात जातं. वाचायला सोपं आहे, पण माझे सात रविवार त्यात गेले.

भांडं तांब्याचं हवं होतं. जुन्या नाशकातल्या एका तांबटकाकांकडे गेलो. त्यांनी नकाशा पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “आत काय भरणार, भाऊ?” पेट्रोल म्हटल्यावर ते म्हणाले, “मग कल्हई केल्याशिवाय देणार नाही.” मी मान हलवली, कारण तांब्याला पेट्रोल लागून राहिलं तर त्यात चिकट गाळ लवकर धरतो, हे मलाही माहीत होतं. त्यांना ते कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. भांडं भट्टीवर लाल व्हायच्या बेताला आलं तसा त्यांनी नवसागर टाकला. पांढरा धूर उठला, घसा खवखवला. कथलाची कांडी आत टेकवली, ती पाण्यासारखी पसरली आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी ती तीन वळशांत अशी फिरवली की आतला लाल रंग पुसला जाऊन भांडं चंद्रासारखं उजळलं. एवढं काम बघायला मी पुन्हा जाईन.

पहिल्या चाचणीला पंपावरचं साधं पेट्रोल घातलं. सकाळी थंडी चांगली होती, शेडमध्ये अकरा अंश. तीन ठोके आणि बंद. पुन्हा तीन ठोके आणि बंद. भांड्याला हात लावला तर ते बर्फासारखं, बाहेरून दव धरलेलं. उडून जाताना इंधन स्वतःच्याच अंगातली उष्णता नेतं. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल उडायला कितीतरी जास्त उष्णता खातं. भांडं गार झालं की वाफ कमी, वाफ कमी झाली की मिश्रण पातळ.

बेंझच्या काळी इंधन होतं लिग्रोइन. औषधांच्या दुकानात डाग काढायला मिळायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत वीसलोखच्या औषधवाल्याकडून तिने तेच घेतलं. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्यांकडचं पेट्रोलियम ईथर, ६० ते ८० अंशांत उकळणारं. रविवारी तेच एक लिटर घातलं आणि इंजिन चाललं.

मग चार मिनिटांनी का थांबलं? भांड्यात थर्मामीटर सोडून ठेवला होता. सुरुवातीला २३ अंश, बंद पडताना १७. म्हणजे तोच जुना आजार, फक्त सावकाश. मिश्रणात जादा हवा सोडणारी नळीवरची सरकती बाही मी अर्धी मिटत आणली होती, त्याने शेवटचा मिनिटभर तरी मिळाला.

हे करून बघणाऱ्यांना हात जोडून एक सांगणं : भांडं आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत पितळी जाळीचे थर घालाच. खाणीतल्या डेव्हीच्या दिव्याचं तत्त्व, ज्वाला जाळीतून मागे येत नाही. मी सहा थर घातलेत. वाळूची बादली हाताशी, शेडची दोन्ही दारं उघडी, आणि फ्लायव्हील फिरवताना बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका आला तर हात नुसता निसटला पाहिजे.

ठिणगीनेही एक आठवडा खाल्ला. कॉइल मी स्वतः गुंडाळली आहे, बाहेर काढून पाहिली की ठिणगी ठसठशीत, इंजिनावर बसवली की मरतुकडी. शेवटी रात्री शेडमधला दिवा मालवून बसलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं : तार ज्या लाकडी ठोकळ्यातून जाते, त्यावरून केसाएवढी निळी रेघ चौकटीकडे सरकत होती. लाकूड ओल धरून होतं. बॅकेलाइटचा (वीज न वाहणाऱ्या टणक प्लास्टिकचा) तुकडा कापून बसवला, रेघ गेली. बर्थाने त्या प्रवासात अशाच एका तारेला आपला गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा) गुंडाळून वेळ निभावली होती. हे मी कितीदा वाचलं असेल, पण ती निळी रेघ पाहिल्यावर तिच्या हुशारीची खरी किंमत कळली.

चाकांचं काम संपलं. तिन्हींचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, पंचवटीतल्या सायकलवाल्याने काढून दिला. भरीव रबर अजून चढवायचं आहे.

पुढचं काम आधी भांड्याचंच. त्याभोवती दुसरं आवरण घालून मधल्या जागेत सिलिंडरच्या जॅकेटमधलं गरम पाणी फिरवायचं. या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी उकळून वाफ होऊन जातं, म्हणजे उष्णता वाया चाललीच आहे. मूळ गाडीत अशी सोय होती म्हणून नव्हे, तर नाशिकच्या थंडीसाठी मी ती करतोय, आणि नोंदीत हा बदल वेगळा लिहून ठेवेन. काल संध्याकाळी तांबटकाकांना माप देऊन आलो. मंगळवारी आवरण तयार होतंय.