आमची वाटचाल : एक रुपया क्विंटल केळी

"भो, एक रुपया क्विंटल? मंग मीच घेतो ना सगळी केळी!" सकाळी साडेनऊला रावेरहून फोन. आमच्याकडून तिथल्या केळीवाल्यांच्या गटाला गेलेल्या आलेखात भावाची रेघ पार जमिनीला टेकली होती. आदल्या दिवशी बाराशे पन्नास होता तो भाव.

आमची फर्म जळगावात टायपिंग आणि झेरॉक्सवर उभी राहिली. आलेखाचा नाद लागला तो एका केळीवाल्या अप्पांमुळे. भावांची वही घेऊन आले आणि म्हणाले, "हे सगळं एका कागदावर दिसू दे." एक्सेलमध्ये काढून दिलं. मग तशा वह्याच येत गेल्या. हाताने काढणं जमेना म्हणून पुतण्याने ग्नूप्लॉट आणलं. 1986 सालचं, फुकट, कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. दिसायला रुक्ष, पण एकदा लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, रोज तस्सा आलेख देते. बऱ्हाणपूर-रावेरचे केळीचे भाव, डाळमिलची आवक आणि शेतातल्या हवामान यंत्रांचं तापमान, एवढ्यावर आमचं घर चालतं.

स्क्रिप्ट लिहायला एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच उरकणारा एआय, बसवला तेव्हा वाटलं, आता नऊ वाजता चहा प्यायला मोकळे. एजंटला ग्नूप्लॉट येतं, यात वाद नाही. आमचं ग्नूप्लॉट येत नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी भाव 1,250 असा स्वल्पविराम देऊन भरला. आमच्या फाइलींत रकाने स्वल्पविरामानेच वेगळे होतात. एकाचा एक रकाना झाला, अडीचशेचा दुसरा. माणूस असता तर हसला असता, नाहीतर मला हाक मारली असती. एजंटने आलेख काढला, वर "यशस्वी" असंही कळवलं.

तेव्हा ठरवलं की याच्यासाठी वेगळी माहितीपुस्तिका लिहायची. ग्नूप्लॉटचं स्वतःचं मॅन्युअल शेकडो पानांचं आहे, आणि आतली हेल्प उघडली की ती पुढचा उपविषय विचारत थांबते. समोर माणूस बसलाय, असं धरून केलेली ती रचना. मशीनसाठी वेगळी, आटोपशीर माहिती ठेवावी हा विचार काही आमचा नाही. सप्टेंबर 2024मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी संकेतस्थळांसाठी तशीच 'एलएलएमएस डॉट टीएक्सटी' फाइल सुचवली होती.

पहिला खर्डा मी लिहिला. अकरा पानं! पुतण्या म्हणाला, "काका, ही तर गाथा झाली." आणि खरंच, एजंट मधलं विसरायचा. दोन पानांवर आणली. प्रत्येक नियमाखाली चालणारी स्क्रिप्ट आणि नियम मोडला तर काय दिसतं, तेवढंच. सर्व्हरला पडदा नाही, म्हणून आधी टर्मिनल (चित्र कुठल्या प्रकारात काढायचं) आणि आउटपुट (कुठल्या फाइलीत ठेवायचं) सांगायचं. काढून झालं की आउटपुट बंद करायचं, नाहीतर चित्राची फाइल अर्धवट राहते. टर्मिनल पीएनजीकैरोच हवं, कारण साध्या पीएनजीत आमच्या मशीनवर 'क्विंटल'ची वेलांटी सुटून भलतीकडे बसायची. तारखेत आधी दिवस, मग महिना. एजंट अमेरिकी सवयीने उलटं धरून 5 जूनचा पाऊस 6 मेला पाडायचा. गंमत म्हणजे ग्नूप्लॉटचा मूळ क्रमही दिवस आधी असाच आहे.

हे सगळं सोपं होतं. अवघड गेली ती तापमानाची रेघ. केळीच्या हवामान आधारित विम्यात सलग किती दिवस पारा ठरलेल्या अंशाच्या खाली किंवा वर राहिला, यावर भरपाई ठरते. त्यामुळे शेतकरी आमच्या आलेखात दिवस मोजतात. थंडीत एका यंत्राचा दोन दिवसांचा डेटाच आला नाही. फाइलमध्ये त्या तारखाच नव्हत्या. मग ग्नूप्लॉटने अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका सरळ जोडला. रेघ इतकी देखणी, की दोन दिवस पारा कुणी मोजलाच नाही असं वाटेना. त्या यंत्राचे शेतकरी भाऊ तो आलेख दाखवून विम्याची गोष्ट करायला निघाले होते. आमच्या आलेखाला विम्यात कागदोपत्री किंमत नाही, तरी मला घाम फुटला.

पुस्तिकेत लिहिलं होतं, "डेटा नसेल तर दाखवू नये." एजंटने ते पाळलंच होतं की! जे नाही ते त्याने दाखवलं नव्हतं, फक्त जोडलं होतं. वाक्य बदललं: "आधी तारखा सलग आहेत का तपासा. मध्ये दिवस गळला असेल तर फाइलमध्ये तिथे रिकामी ओळ सोडा, म्हणजे रेघ तुटेल. खाली तुटीची तारीख लिहा. तीन दिवसांहून जास्त तूट असेल तर आलेख काढू नका, आम्हाला कळवा."

हे शेवटचं "आम्हाला कळवा" लिहायला मला सर्वात उशिरा सुचलं. हाताखालच्या पोरांना ते कधी सांगावंच लागलं नव्हतं.

परवा यावलहून एका भाऊंचा फोन आला. "काय भो, तुमच्या रेघेचा पूल वाहून गेला का?"

म्हटलं, "गेला. बॅटरी उतरलीय तुमच्या यंत्राची, बदलून टाका."